बाईसाहेब जेवत नाहीत

सोमवार, ३

भाऊजी निघताना दारातून परत आले आणि म्हणाले, "वहिनी, रोज काय खाल्लं, कशी होती, दोन ओळी लिहून ठेवा." मी म्हटलं, ठेवीन की, सासूबाईंचं खाणंपिणं डॉक्टरांनाही सांगावंच लागतं. तर म्हणतात, "आईचं नाही हो, हिचं." ही म्हणजे काचेच्या पेटीतला कोळी. मादी आहे म्हणून ही. पोटच्या मुलाने आईची चौकशी दारात उभ्या उभ्या करायची आणि कोळ्याची लेखी नोंद ठेवायची!

म्हणून हिशेबाच्या वहीची मागची पानं उघडली. भाऊजींना वेगळं लिहून देईन. हे माझं मला.

धाकटे दीर समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला गेले. फोन फक्त रविवारी. त्यांच्या खोलीचा मालक म्हणे असलं जनावर ठेवू देत नाही. आमच्या घराला मालक नाही, एक मालकीण आहे, तिला कोण विचारतं? "टॅरँट्युला आहे वहिनी, एकदम शांत. मांजराचं करता त्याच्या पावही काम नाही." मी मांजर पाळलं असतं तर तुलना पटली असती. तळहाताएवढी, काळी, केसाळ बया. गुडघ्यांवर शेंदरी पट्टे, जणू कुणी हळदीकुंकवाऐवजी रंगाचा डबा सांडलाय. सोबत जिवंत रातकिड्यांचं खोकं. ती हेच खाते. ज्या घरात देवासमोर बसल्याशिवाय मी पाणी पीत नाही, त्या घरात आता हे.

पेटी सासूबाईंच्या खोलीत ठेवली, कारण ती खोली उबदार आणि आमच्या घरात खोल्याच दोन. यांनी दारातून एकदा बघितलं. "झाकण पक्कं आहे ना?" म्हणाले. तेव्हापासून आईशी बोलतात तेही उंबऱ्याबाहेरून.

आई भिंतीकडे तोंड करून होत्या. त्यांनी वळून बघितलंही नाही.

बुधवार, ५

आईंचं लिहायला हवं, नाहीतर पुढे माझं मलाच कळणार नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलंय, आता उठायचं आणि खायचं. आई दोन्ही करत नाहीत. वॉकर आणून दिलाय तो कपडे वाळत घालायला होतो. व्यायाम करवून घेणारी बाई येते, पाय वर-खाली करते, आई छताकडे बघत राहतात, ती गेली की भिंतीकडे वळतात. जेवणाचं ताट निम्मं परत येतं. इथे आणलं त्याच दिवशी मात्र ठणकावून सांगितलं होतं, "पायावर उभी राहिले की दुसऱ्या दिवशी माझ्या घरी जाईन. कुणाच्या दारात पडून राहणारी बाई नाही मी." मी मनात म्हटलं, देव तुमचं ऐको. खोटं कशाला लिहू, तसंच म्हटलं. आणि देवासमोर बोलून बसले की आई चालू लागेपर्यंत संध्याकाळचं जेवण बंद. त्यांची सेवा करून अंग मोडलंय, त्यात हा उपास. पण शब्द दिला तो दिला.

आता दुसऱ्या बाईची हकीकत. पेटीतली माती कोरडी ठणठणीत दिसली म्हणून कुंड्यांना घालते तसं तांब्याभर पाणी शिंपडलं. ती बया तरातरा काचेवर चढली आणि आठही पाय ताणून चवड्यांवर उभी राहिली. जणू मी तिच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं. मी घाबरून मागे सरले तर मागून आवाज आला,

"ओल्या फरशीवर तुला उभं केलं तर?"

आई वळल्या होत्या. भिंतीकडून इकडे. मला टोमणा मारायला का होईना, वळल्या.

शुक्रवार, ७

तिचं नाव आईंनी बाईसाहेब ठेवलं. "सकाळपासून एका जागी बसलीय. काम नाही धाम नाही. बाईसाहेबच." म्हटलं आई, खोलीत एकटी तीच नाही तशी. मनातच म्हटलं.

माझ्या हाताला विलक्षण खाज सुटलीय. साबण बदलला नाही. गेली दहा वर्षं तीच वडी.

रविवार, ९

भाऊजींचा फोन. स्पीकरवर लावून आईंच्या उशाशी ठेवला आणि मी तिथेच बसून भाजी चिरली, म्हणजे एका वेळी दोन कामं. 

मी म्हटलं, दिवसभर हलत नाही. "नॉर्मल आहे वहिनी." म्हटलं, भांड्यातल्या पाण्यात माती टाकते. "नॉर्मल." काचेवर चढली होती. "माती ओली केलीत? मग नॉर्मल आहे, सुकू द्या." माझ्या हाताला खाज येते. "मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते ती, चिडली की. हात घालताना मोजे घाला. नॉर्मल आहे." म्हणजे ती चिडली की मला खाज, आई चिडल्या की मला बोलणी, हे चिडले की मला चहा पुन्हा. या घरात नॉर्मल नाही अशी मी एकटीच उरले.

मग त्यांनी पुढे बरंच काही सांगितलं, कात, सुस्ती, रंग, काय काय. मी हो हो म्हणत होते. आई मात्र डोळे मिटून पडल्या होत्या, झोपल्या असाव्यात.

मंगळवार, ११

काल रातकिडा सोडला, तिने तोंड फिरवलं. आज पुन्हा सोडला. तो तिच्या पायावरून चालत गेला तरी ढिम्म.

दुपारी ताट घेऊन गेले तर आई म्हणतात, "ती जेवली?"

"नाही."

"मग मलाही नको. ती जेवली की मी जेवेन."

मी म्हटलं, आई, ती कोळी आहे. तर म्हणाल्या, "सोबतीला आहे ना? सोबत म्हणजे सोबत."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. यांना सांगितलं तर पेपरच्या आडून म्हणतात, "जबरदस्ती करू नकोस." कुणावर ते नाही सांगितलं.

संध्याकाळी सूपसुद्धा परत आलं. पाण्याचा ग्लासही भरलेला. डॉक्टरांनी बजावलंय, असंच चाललं तर पुन्हा दवाखान्यात भरती आणि नळीने खाणं. त्या वयात एकदा नळी लागली की माणूस उठत नाही, हे मी माझ्या आत्याच्या वेळी पाहिलंय.

बुधवार, १२

आज मी खोटं बोलले.

सकाळी रातकिडा सोडला, दुपारी पाहिलं तर तो तिच्या शेजारी मिशा हलवत बसलेला. आईंचा डोळा लागला होता. मी मोजे चढवून चमच्याने रातकिडा अलगद उचलला आणि परत खोक्यात टाकला. मारायचा कसा, माझ्याने होत नाही. आई जाग्या झाल्यावर म्हटलं, "जेवल्या बाईसाहेब."

आईंनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अख्खा?"

"अख्खा."

"बरं. आण माझं ताट."

सगळा भात संपवला. वर दही मागितलं. मी देवासमोर जाऊन बसले खरी, पण काय बोलावं सुचेना. खोटं बोलून एक माणूस जेवलं. देवाने त्याच्याकडे कुठल्या बाजूला मांडायचं ते मांडावं.

गुरुवार, १३

दुपारी त्या खोलीत खिडकीतून ऊन येतं, ते थेट पेटीवर. आज पाहते तर पेटीवर टॉवेल टाकलेला, नीट घडी घालून, फक्त उन्हाच्या बाजूने. आणि तिचं पाण्याचं भांडं स्वच्छ भरलेलं. यांना म्हटलं, अहो, आत जायला लागलात हे बरं केलंत. तर म्हणतात, "मी? त्या खोलीत?" कबूल करायला लाज वाटते. पुरुषांचं हे असंच.

मात्र एवढं केलं तर वॉकर तरी जागेवर ठेवावा. पलंगाच्या पायथ्याशी होता तो आडवा दारापर्यंत सरकलेला. माझी करंगळी ठेचकळली.

शुक्रवार, १४

रातकिडा घालायचा, काढायचा, "जेवल्या" म्हणायचं, ताट वाढायचं. हे आता नेमाचंच होऊन बसलंय. माझं पुण्य तळाला गेलं असेल. 

त्यात आईंनी आज नवं काढलं. "माझं बघून झालंय. तू या खोलीत बसून जेवलीस की ती जेवते. तू नसलीस की नाही जेवत."

"मी या खोलीत कधी जेवले?"

"तेच सांगतेय. बसून बघ. संध्याकाळी."

"संध्याकाळी मी जेवत नाही, आई."

"माहितेय मला. दुपारी ओट्याशी उभी राहून गार खातेस तेही माहितेय. कोळ्याला चालत नाही तसलं."

काय म्हणावं याला? छळायचं म्हणजे किती! बरं, नाही म्हणावं तर त्या पुन्हा ताट सरकवणार. शेवटी देवासमोर हात जोडले, म्हटलं, शब्द मोडतेय, तो हट्टापायी मोडतेय, माझ्या भुकेपायी नाही. आणि ताट घेऊन आईंच्या खोलीत बसले. खुर्चीत, पंख्याखाली. मुद्दाम थोडंच वाढून घेतलं होतं. आईंनी स्वतःच्या वाटीतली भाजी माझ्या ताटात ओतली. "मला तिखट लागतं," म्हणाल्या. भाजीत तिखट नव्हतंच, त्यांच्यासाठीच तर घालत नाही.

झोप मात्र छान लागली. हेही लिहून ठेवते.

रविवार, १६

भाऊजी : नॉर्मल आहे वहिनी, महिना महिना खात नाहीत त्या, जबरदस्ती करू नका. दोघे भाऊ एकाच साच्यातले.

फोन ठेवल्यावर आई म्हणतात, "गंमत आहे. ही रोज एक खाते, पण खोक्यातले रातकिडे काही कमी होत नाहीत. पिल्लं घालतात वाटतं."

"घालत असतील," मी म्हटलं. बरं झालं त्यांना फार कळत नाही.

मंगळवार, १८

बाईसाहेबांचा रंग उतरलाय. काळ्याची राख झाली. पोटामागे टक्कल पडलंय, तेही काळंनिळं. अंगात त्राण नाही. मला मेलीचं वाईट वाटायला लागलंय, हे कुणाला सांगायचं नाही.

शनिवार, २२

आता जाळं! तीन दिवस झाले, रोज सकाळी पेटीच्या तळाला पांढरी चादर विणून ठेवते. घरात जाळं दिसलं की माझा हात शिवशिवतो. जुन्या दातांच्या ब्रशने काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा काढलं.

"राहू दे गं ते," आई म्हणाल्या.

"जाळं आहे, आई."

"कोळ्याच्या घरी जाळं नाही तर काय असेल, गालिचा? तुझ्या घरातलं पांघरूण रोज सकाळी कुणी फेकून दिलं तर?"

"मी रोज सकाळी घडी घालते पांघरुणाची."

"म्हणूनच तर म्हणते," म्हणाल्या. यात काय म्हणायचं होतं ते त्यांनाच ठाऊक. आज ब्रश जागेवर नव्हता. सगळं घर पालथं घातलं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी अंथरुणात पडलेली बाई, मला कसला ब्रश माहीत?" पाठ टेकताना उशीखाली काहीतरी टोचत होतं त्यांना, सारखी उशी सारखी करत होत्या.

सोमवार, २४

सकाळी दूध गॅसवर ठेवून आत डोकावले. बाईसाहेब उताण्या. चादरीवर पाठ टेकून, आठही पाय वर, पसरलेले. गेली.

आई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. माझ्या डोक्यात एकच. आईंनी हे बघितलं की संपलं. पुन्हा ताट परत, पुन्हा भिंत, आणि या वेळी कुणाच्या नावाने जेवायला घालू? आई उठायच्या आत हिला काढायची आणि सांगायचं की पेटीतल्या फुटक्या कुंडीखाली जाऊन बसलीय. एवढं खोटं बोलले, त्यात आणखी एक. मोजे चढवले, भाताचा डाव घेतला, रिकामा डबा घेतला. झाकण उघडलं. डाव तिच्या पाठीखाली सरकवणार तोच माझं मनगट कुणीतरी धरलं.

"हात लावू नकोस."

मी किंचाळलेच. मागे आई उभ्या. वॉकर कोपऱ्यात, आई माझ्यामागे. हातात काही नाही, माझ्या मनगटाशिवाय.

"मेलीय ती, आई."

"मेली असती तर पाय पोटाशी घेतले असते. कात टाकतेय. उताणी होऊनच टाकतात. त्याने सांगितलं नव्हतं? तू भाजी चिरत हो हो करत होतीस. आता उचललीस तर खरंच मरेल."

"आणि त्या जाळ्यावर..."

"त्याच्यावरच झोपतात. म्हणून तर विणत होती, आणि तू झाडत होतीस. झाकण लाव हळूच."

लावलं. मग दोघी बघत राहिलो. आधी काहीच होत नव्हतं. मग एक पाय, वाऱ्याने हलावा इतका, हलला. अंगाच्या कडेने कातडं उसवलं. आणि ती आतून बाहेर यायला लागली. ओला हातमोजा एकेक बोट सोडवत काढावा तशी. जरा ओढायची, बराच वेळ निपचित पडायची, मग पुन्हा ओढायची. कुणी मदतीला नाही, घाई नाही. आत कुठेतरी दूध उतू जात होतं, वास येत होता, पण मी हलले नाही. मी गॅस बंद करायला कुणालाही हाक मारली नाही, हे माझ्या संसारात पहिल्यांदाच घडलं. शेवटी हेच उठले आणि बंद करून पुन्हा झोपले.

"रातकिडा नव्हता ना आत?" आईंनी हळूच विचारलं.

"नाही. काल संध्याकाळीच..." मी जीभ चावली.

"बरं झालं. या वेळी ती मऊ असते. रातकिडा राहिला तर कुरतडतो तिला. तू रोज काढत होतीस म्हणून वाचली."

मी नजर पेटीवरून हलवली नाही. त्याही पेटीकडेच बघत होत्या. मग माझ्या लक्षात आलं की त्या किती वेळ उभ्या आहेत, आणि मी खुर्ची ओढली. बसल्या. कशा उठलात, कधीपासून चालताय, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. यांनी दुपारी विचारलं, "आज स्वयंपाक?" म्हटलं, पाव आहे.

संध्याकाळपर्यंत पेटीत दोन झाल्या. एक रिकामी, एक नवी. नवीचा काळा रंग मखमलीसारखा, गुडघे नुसते पेटलेले. दात मात्र पांढरे, लहान मुलासारखे.

मंगळवार, २५

भांडी घासताना एकदम टॉवेल आठवला. तो पेटीवरचा. आणि भरलेलं भांडं, सरकलेला वॉकर, ब्रश. यांनी खरंच पाय ठेवला नव्हता त्या खोलीत!

म्हणजे आई तेरा तारखेला चालत होत्या. आणि मी संध्याकाळी जेवले ती चौदाला. म्हणजे मी शब्द मोडलाच नव्हता. मी जेवायला बसले त्याच्या आदल्या दिवशीच तो पुरा झालेला होता. एवढे दिवस मी देवाची माफी मागत होते आणि तो तिकडे ऐकून घेत होता. सांगायचं नाही का?

पण आई का लपवत होत्या? एवढ्या चालत होत्या तर सांगून मोकळ्या व्हायचं, सामान बांधायचं. "दुसऱ्या दिवशी जाईन" हे त्यांचेच शब्द. आज सामानाचं नाव नाही. उलट मी खोलीत गेले की पटकन पलंगावर बसतात आणि पाय दाबत कण्हतात. मला वाटतं दुखत असेल अजून.

रविवार, ३०

भाऊजींचा फोन. स्पीकरवर. आई खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या.

"वहिनी, सुट्टी मिळाली! पुढच्या शनिवारी येतो, हिला घेऊन जातो. आणि आत्ता दादा म्हणाला आई चालतेय! मग काय, त्याच फेरीत तिलाही तिच्या घरी सोडतो. तुम्ही सुटलात एकदाच्या."

आईंचे हात थांबले. लसणाची पाकळी नखात धरलेली तशीच. आणि हळूच, फार हळूच, त्यांची मान भिंतीकडे वळायला लागली. मी ती मान महिनाभर बघितलीय. ती मान मला आता पाठ आहे.

मी म्हटलं, "भाऊजी, कात टाकल्यावर किती दिवस हलवायचं नाही म्हणालात?"

"दोन-तीन आठवडे तरी नको. अंग मऊ असतं, दात कडक व्हायचे असतात."

"मग नाही हलवायचं."

"बरं, हिला राहू दे. पण आई..."

"कुणालाच नाही हलवायचं."

"पण वहिनी, आई चालतेय ना?"

"चालतात. मी नसले की चालतात, मी दिसले की बसतात. सामानाचं नाव काढलं की पाय दुखतो. नॉर्मल आहे, भाऊजी."

पलीकडून खरखर ऐकू आली, मग हसू. मी फोन ठेवला. आता हीच खोली, हेच दोन जीव, हाच ताप, आणि बाहेरच्या खोलीत यांचं घोरणं. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं. डोकं फिरलंय माझं.

आई म्हणाल्या, "लसूण एवढाच का?"

"आणखी आहे," म्हटलं, आणि टोपली त्यांच्या पुढ्यात ठेवली.

बुधवार, ९

आज रातकिडा सोडला आणि तिने झडप घातली. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी ओरडले, "आई! जेवल्या! जेवल्या!" आई स्वयंपाकघरातून येत होत्या, काठी टेकत, कणिक लागलेल्या हाताने.

"खरंच?"

"खरंच. देवाशपथ."

त्यांनी पेटीत वाकून बघितलं. नीट बघितलं. मग खोक्यात बघितलं.

"चला," म्हणाल्या, "म्हणजे आज एक तरी कमी भरेल."

त्या शांतपणे खुर्चीत बसल्या.

"उभी काय राहिलीस? दोन्ही ताटं आण."